'पाठ ताठ ठेवा' : सल्ल्याच्या पुस्तकातून इतिहास कसा वाचायचा?

परवा पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "ताई, माझ्या विषयावर शंभर वर्षांपूर्वीचं 'अमुक कसं करावं' छापाचं पुस्तक मिळालंय. त्यावरून 'तेव्हा लोक असं करत' असं लिहिलं तर चालेल ना?"

प्रश्न साधा वाटतो. पण याच चुकीपायी मला एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. म्हणून आज माझंच उदाहरण घेऊन बोलू या. माझा विषय आहे सायकल शिकण्याचा इतिहास, आणि त्यातही शरीराची ठेवण. म्हणजे पाठ कशी ठेवायची, नजर कुठे, वजन कुठे, बसून चालवायची की उभं राहून.

हल्ली आसनच नसलेल्या, उभ्यानेच चालवायच्या सायकली निघाल्या आहेत. त्या शिकवणारे सांगतात : मोकळी, सपाट जागा निवडा, हेल्मेट घाला, पाठ सरळ ठेवा, गुडघे किंचित सैल असू द्या, हँडलवर भार टाकू नका, नजर दूर ठेवा. ऐकायला सगळं आजचं वाटतं. पण हेल्मेट सोडलं, तर पाठ आणि नजरेबद्दलच्या अशा सूचना १८९० च्या दशकातल्या पुस्तकांतही भेटतात. सल्ला तोच आहे, मग त्याचा अर्थही तोच असतो का?

आधी थोडा कालक्रम

१८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम इथे कार्ल ड्राइस याने दोन चाकांचं 'धावतं यंत्र' चालवून दाखवलं. त्याला पायडल नव्हतं. खोगिरावर बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचं. हात टेकवायला पुढे गादी लावलेली फळी असे. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या गाडी बनवणाऱ्या कारागिराने त्याची सुधारित आवृत्ती काढली आणि १८१९ मध्ये ती चालवायला शिकवणारे वर्गही सुरू केले. हे लक्षात घ्या : यंत्र बाजारात आलं, त्याच्या मागोमाग शिकवणीही आली.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसलं. १८७० नंतर पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत वाढलं. त्या उंच सायकलवरून पडायचं म्हणजे थेट डोक्यावर. लेखक मार्क ट्वेन यांनी १८८४ मध्ये शिक्षक ठेवून ती शिकायचा प्रयत्न केला. त्यावरचा त्यांचा विनोदी लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १९१७ मध्ये छापून आला. त्यात एक खरी गोष्ट नेमकी टिपली आहे : तोल ज्या बाजूला जातो, त्याच बाजूला चाक वळवावं लागतं. मन नेमकं उलट सांगत असतं. आजही शिकणारा इथेच अडतो.

१८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याची साखळीवर चालणारी, जवळपास सारख्या चाकांची 'रोव्हर' आली. १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं. सायकल बुटकी, सुरक्षित आणि मऊ झाली आणि स्त्रिया मोठ्या संख्येने तिच्याकडे वळल्या. सल्ल्याच्या पुस्तकांचा पूर आला तो इथे.

माझी दोन पुस्तकं

पहिलं पुस्तक फ्रान्सिस विलार्ड यांचं, १८९५ मधलं. विलार्ड या अमेरिकेतल्या स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यपानविरोधी संघटनेच्या अध्यक्ष. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना त्यांचा ज्या संघटनेशी जवळून संबंध आला, तीच ही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तब्येत ढासळलेली असताना, विलार्डबाई सायकल शिकल्या. सायकलचं नाव त्यांनी 'ग्लॅडिस' ठेवलं होतं. रोज सरासरी पंधरा मिनिटं, असा साधारण तीन महिने सराव. शिकण्याचा क्रमही त्यांनी दिलाय : आधी पायडल मारणं, मग वळणं, मग उतरणं आणि सगळ्यात शेवटी चढणं. नजर चाकावर नको, वर आणि दूर हवी, हेही त्यात आहे.

दुसरं मारिया वॉर्ड यांचं, १८९६ मधलं, खास स्त्रियांसाठी. त्यात बसण्याची ठेवण, चढणं-उतरणं, एवढंच काय, हत्यारं वापरून दुरुस्ती कशी करायची तेही आहे. त्यातली चित्रं अ‍ॅलिस ऑस्टेन यांनी काढलेल्या छायाचित्रांवरून केलेली आहेत. छायाचित्रांसाठी उभी राहिली होती ती एक व्यायामशिक्षिका.

ही दोन पुस्तकं वाचून मी प्रकरणात बिनधास्त लिहून टाकलं : "या काळातील स्त्रिया ताठ बसून सायकल चालवीत." गाइडनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले : "कशावरून?"

सल्ला म्हणजे घडलेली गोष्ट नव्हे

खरंच, कशावरून? वॉर्ड यांच्या पुस्तकातली चित्रं म्हणजे ठेवण दाखवण्यासाठी मुद्दाम उभं केलेलं दृश्य. रस्त्यावर बाई कशी चालवत होती, याचा तो पुरावा नाही. सल्ल्याचं पुस्तक काय *व्हावं* ते सांगतं. काय *होत होतं* ते वेगळ्या साधनांतून शोधावं लागतं.

मग मी त्या काळातली दुसरी कुजबुज ऐकायला लागले. वेगाने जाण्यासाठी हँडल खाली करून त्यावर वाकणाऱ्या पोरांना अमेरिकेत 'स्कॉर्चर' म्हणत. त्यांच्या नावाने ओरड चाले. डॉक्टरांनी सायकलस्वारांच्या पाठीच्या पोकाला एक भारदस्त लॅटिन नावही देऊन टाकलं होतं. इतकी ओरड होत होती, याचा अर्थ वाकून चालवणारेही भरपूर असणार. आणि ते का वाकत? बेशिस्त होते म्हणून नव्हे. वाकलं की समोरचा वारा कमी लागतो, वेग वाढतो.

इथे मी दुसऱ्या टोकाला गेले. नव्या मसुद्यात लिहिलं की ताठ पाठीचा आग्रह म्हणजे निव्वळ सभ्यतेचा धाक. बाईने 'बाईसारखं' दिसावं, एवढंच. गाइडनी पुन्हा विचारलं, "आणि यंत्र? यंत्र बघितलंस का?"

यंत्राला विचारा

बघितलं नव्हतं. तेव्हाच्या बहुतेक सायकलींना फ्रीव्हील नव्हतं, ते सर्रास दिसू लागलं १९०० च्या आसपास. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. आज खड्डा आला की आपण काय करतो? पायडल आडवे थांबवतो, आसनावरून जरा उठतो, गुडघे सैल सोडतो आणि धक्का पायांवर घेतो. त्या सायकलवर हे जमणारच नाही. चढावर उभं राहून जोर लावता येई. पण उतारावर पायडल इतके भराभर फिरत, की पाय उचलून पुढच्या चाकाच्या चिमट्यावरच्या टेकूंवर ठेवावे लागत. अशा यंत्रावर 'नीट, स्थिर बसा' या सल्ल्यात सभ्यतेचा धाक होता, तसंच जिवाची काळजीही होती. दोन्ही कारणं एकाच वाक्यात राहत होती. मी आधी एकही पाहिलं नाही, आणि मग फक्त एकच पाहिलं.

जे कोणीच लिहून ठेवलं नाही

आता तुमच्या-माझ्या घरातलं. माझे बाबा सायकल शिकले ती मोठ्या माणसाची, उंच दांड्याची. आसनावर बसून पाय पोचत नसत. मग दांड्याखालून एक पाय पलीकडे घालायचा, शरीर एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला कललेली, आणि उभ्या-उभ्याच हाफ पायडल मारत जायचं. पाठ वाकडी, मान वाकडी, गुडघे सोललेले. आपल्याकडच्या कितीतरी मुलांची सायकल अशी उभ्यानेच सुरू झाली. पण मी वाचलेल्या एकाही सल्ल्याच्या पुस्तकात ही रीत नाही. कारण ती पुस्तकं मापाची सायकल विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी होती. ज्याच्या घरात एकच सायकल, तीही वडिलांची, त्याचं शिकणं छापलं गेलं नाही. ते आहे माणसांच्या आठवणीत, आणि ती माणसं आता म्हातारी होत चालली आहेत.

तेव्हा कुठलंही सल्ल्याचं साधन हातात आलं, मग ते पाककृतीचं असो, बालसंगोपनाचं की शेतीचं, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. एक : हा सल्ला पुन्हा पुन्हा का द्यावा लागतोय, की एक पुस्तक दुसऱ्याची नक्कल करतंय? दोन : त्या काळच्या वस्तूवर, अवजारावर हा सल्ला पाळणं शक्य होतं का, आणि न पाळल्यास काय झालं असतं? तीन : या पुस्तकाचा वाचक कोण नव्हता, आणि तो तीच गोष्ट कशी शिकत होता?

तिसऱ्या प्रश्नासाठी ग्रंथालयात जायची गरज नाही. आज जेवताना घरातल्या मोठ्यांना विचारा : तुम्ही सायकल कशावर शिकलात, कोणी धरलं होतं, पहिल्यांदा कुठे पडलात? आईला, आत्यालाही विचारा. 'मला शिकवलीच नाही' असं उत्तर आलं, तर तेही तारीख घालून वहीत लिहून ठेवा. तोही पुरावाच आहे.