खारपाणपट्ट्यातील मत्स्य-परसबाग : वरवट बकालच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णा नदी यांमधील प्रदेशात वसलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोट्या-रेतीच्या थरांत गोडे पाणी मुरते. तेथे केळी व संत्री यांच्या बागा दिसतात. तेथून पूर्णेकडे जसजसे सरकावे तसतशी जमीन काळी व चिकण होत जाते आणि विहिरीचे पाणी मचूळ लागू लागते. अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यास लोक ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. हे नाव कोणा भूगर्भशास्त्रज्ञाने दिलेले नसून पाणी तोंडी लावणाऱ्यांनी दिलेले आहे.

अलीकडे घरच्या घरी मासे व भाजीपाला एकाच पाण्यावर वाढविण्याच्या पद्धतीची, म्हणजे ‘ॲक्वापोनिक्स’ची, चर्चा महाराष्ट्रातही ऐकू येते. ‘थोडक्या पाण्यात अधिक उत्पन्न’ या तिच्या कीर्तीमुळे अवर्षणग्रस्त प्रदेशासाठी ती विशेष उपयुक्त, असे सहज गृहीत धरले जाते. वरवट बकालसारख्या गावी हे गृहीत कितपत टिकते हे पाहावयाचे तर प्रथम ही पद्धती कोणत्या घटकांतून व कोणत्या क्रमाने घडली हे तपासणे इष्ट ठरते. कारण तिच्या मर्यादांचे मूळ तिच्या इतिहासातच आहे.

या पद्धतीचे प्राचीनत्व सिद्ध करण्याचा मोह अनेकांना होतो. दक्षिणेत त्यास आधार म्हणून दोन ग्रंथ पुढे करता येण्याजोगे आहेत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने आणि कोणत्या माशास कोणता चारा घालावा याचे बारकाईचे वर्णन येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ च्या सुमारास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दुसरा ग्रंथ सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’. त्याची ऑक्सफर्ड येथील हस्तलिखित प्रत वापरून १९९६ मध्ये सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने नलिनी साधले यांचा अनुवाद प्रसिद्ध केला. त्यातील ‘कुणपजल’ म्हणजे मांस, मज्जा, मासे इत्यादी पदार्थ उकळून व भांड्यात मुरवून केलेले द्रवरूप खत होय.

या दोन्ही उल्लेखांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यांतून ॲक्वापोनिक्स निघत नाही. सोमेश्वराचा मासा हा राजाच्या गळाला लागण्यासाठी पोसलेला आहे. त्याच्या पाण्याचा झाडाशी संबंध नाही. सुरपालाचा मासा झाडाला उपयोगी पडतो, पण मेल्यावर. जिवंत माशाच्या उत्सर्गावर रोप वाढवावयाचे आणि रोपाने शुद्ध केलेले पाणी पुन्हा त्याच माशास द्यावयाचे, ही चक्राकार कल्पना दोहोंतही नाही. खऱ्या अर्थाने तिच्या जवळ जाणारी गोष्ट ग्रंथांत नसून परसात होती. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू व केळ लावण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत मासे किंवा कासव सोडण्याची चालही तितकीच परिचित आहे. एकीत सांडपाणी झाडास पोचते, दुसरीत मासा पाण्याची राखण करतो. मात्र या दोन चाली एकमेकींस कधी भेटल्या नाहीत.

त्या का भेटल्या नाहीत, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या इतिहासात सापडते. माशाच्या कल्ल्यांतून मुख्यतः अमोनिया बाहेर पडतो. तो माशास विषारी असतो, आणि तो साठत गेल्यास रोपांसही तो फारसा मानवत नाही. त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट झाले म्हणजे रोपांना तो उत्तम अन्न ठरतो. हे रूपांतर आपोआप घडणारी रासायनिक क्रिया नसून सजीवांचे कार्य आहे, हे १८७७ मध्ये श्लोसिंग व म्युन्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखविले. वाळू व खडू भरलेल्या नळीतून त्यांनी गटाराचे पाणी सावकाश झिरपू दिले. काही दिवसांनी खालून नायट्रेटयुक्त पाणी येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. आजच्या खडीच्या वाफ्याचे पूर्वरूप म्हणून या नळीकडे बोट दाखविता येईल. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जीवाणू वेगळे करून दाखविले.

मातीविना रोपे वाढविण्याचे प्रयोग झाक्स व क्नोप यांनी १८६० च्या दशकात जर्मनीत केले होते. कॅलिफोर्नियाचे गेरिक यांनी त्यांना शेतीचे रूप देऊन १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ केला. भारतात १९४६ पासून शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये, पुढे कालिम्पोंगच्या परिसरात, खडीमिश्रित वाफ्यांची स्वस्त रीत बसविली. तिचे वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांचे अन्नद्रव्य रासायनिक क्षारांचे होते. माशाने क्षारांची जागा घेतली ती नंतर. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने तलाव व भाजी यांची सांगड घालून पाहिली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मॅकमर्ट्री यांनी १९८० च्या दशकात वाळूच्या वाफ्यांतून टिलापियाच्या हौदाचे पाणी फिरविले. व्हर्जिन बेटांवर रॅकोसी यांनी १९८० पासून अनेक वर्षे मोजमापे घेऊन माशाचे खाद्य व वाफ्याचे क्षेत्र यांचे प्रमाण बसविले. सेंट क्रॉय हे गोड्या पाण्याची चणचण असलेले बेट आहे, आणि तेथील प्रयोगांचा पाया पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर होता. खारपाणपट्ट्याच्या दृष्टीने हा तपशील साऱ्या आकड्यांहून मोलाचा आहे.

महाराष्ट्रात मासा व पीक यांचे सर्वांत मोठे संयुक्त क्षेत्र पूर्व विदर्भात होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली येथील मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याने उभे राहिले. त्यांच्याखाली धान पिके, त्यांत ढिवर मासे धरीत. १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर तलावांची मालकी सरकारकडे गेली व देखभालीची जुनी व्यवस्था मोडली. परंतु तलाव पुष्कळ अंशी टिकले. वऱ्हाडात असे काही घडले नाही. येथील काळी जमीन पावसाच्या ओलीवर कापूस व ज्वारी देत असे, तलाव बांधण्याची निकड नव्हती, आणि मासेमारी हा मुख्यतः नद्यांवरील भोई समाजाचा व्यवसाय राहिला. मत्स्यसंवर्धनाची परंपरा नाही म्हणून वऱ्हाडी शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जमिनीने ती मागितलीच नव्हती.

त्याऐवजी या खोऱ्याने क्षार दिले. लोणारच्या क्षारांचा उल्लेख ‘आईन-इ-अकबरी’त येतो, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या विहिरींपासून एके काळी मीठ काढीत. जळगाव-जामोदचा तालुका १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आला. त्यामुळे या भागाविषयीची जुनी माहिती धुंडाळणाऱ्यास अकोल्याचे गॅझेटियरही उघडावे लागते. ज्या भूजलातून मीठ निघे त्याच्या शेजारच्या विहिरीवर आज मत्स्य-परसबाग उभारावयाची, असा हा प्रश्न आहे.

येथे एक विलक्षण विषमता आढळते. खारे पाणी माशास फारसे बाधत नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने हरियाणातील रोहतक केंद्रात खाऱ्या भूजलावर मासे व कोळंबी वाढविण्याचे काम केले आहे, आणि टिलापिया तर बराच खारेपणा सोसतो. अडचण आहे ती रोपाची. मास व हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांच्या क्षारसहनशीलतेची जी कोष्टके दिली, त्यांत उत्पन्न घटू लागण्याची मर्यादा श्रावणघेवड्यास १, सॅलडच्या पानांस १.३, पालकास २, टोमॅटोस २.५, बिटास ४ आणि जवास ८ डेसिसीमेन्स प्रतिमीटर अशी आहे. हे आकडे मातीच्या अर्काचे आहेत, फिरत्या पाण्याचे नव्हेत; तरीही पिकांचा अनुक्रम त्यांवरून कळतो.

आता एक साधा हिशेब पाहावा. १००० लिटरचा हौद असून त्यात लिटरला १५०० मिलिग्रॅम क्षार असलेले विहिरीचे पाणी भरले आहे, असे समजू. हे पाणी सुमारे २.३ डेसिसीमेन्सचे झाले. म्हणजे घेवडा व पालक पहिल्याच दिवशी बाद होतात. बाष्पीभवन व पानांतून होणारा उच्छ्वास मिळून रोज शेकडा १ भाग, म्हणजे १० लिटर पाणी कमी होते असे धरावे. उडून जाते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. तूट त्याच विहिरीच्या पाण्याने भरून काढल्यास रोज १५ ग्रॅम क्षार वाढतो आणि १०० दिवसांत क्षाराचे प्रमाण दुप्पट होऊन ४.७ च्या घरात जाते. तेव्हा टोमॅटो तर गेलाच, बीटही मर्यादेबाहेर गेलेले असते. वऱ्हाडच्या वैशाखात तूट शेकडा १ वर थांबत नाही, ती २ ते ३ पर्यंत सहज जाते. पाण्याची बचत हा ज्या पद्धतीचा मुख्य गुण, तोच गुण येथे दोष ठरतो; पाणी बाहेर जाऊ द्यावयाचे नाही म्हणताना क्षारालाही बाहेर जाण्यास वाट राहत नाही.

गोव्यातील खाजण शेती या मुद्द्यावर बोलकी आहे. तेथे भरतीचे खारे पाणी, ‘कोरगुट’सारखे क्षारसह भात आणि मासे हे शतकानुशतके एकत्र नांदले, कारण ‘मानस’ नावाच्या दारातून पाणी आत-बाहेर सोडता येते आणि पावसाळा दरवर्षी जमिनीतील क्षार धुऊन नेतो. खारेपणा तेथेही आहे, पण त्यास बाहेर पडण्याचे दार आहे.

यावरून वरवट बकालच्या घरी हौद विहिरीवर न बांधता छपरावरील पावसावर बांधावा, असे म्हणावे लागते. ५० चौरस मीटर छपरावर ७५० मिलिमीटर पाऊस पडला व त्याचा शेकडा ८० भाग हाती आला, तर ३०,००० लिटर पाणी मिळते. ऑक्टोबर ते जूनपर्यंतचे सुमारे २४० दिवस धरल्यास १००० लिटरच्या हौदास रोज १० ते २० लिटर भर म्हणून २,४०० ते ४,८०० लिटर लागतात. मात्र त्याच पावसावर दुसराही हक्क आहे. खारे पाणी व मूत्रपिंडाचे विकार यांविषयी या तालुक्यात काळजी आहे. त्यांतील कार्यकारणसंबंधाचा निर्णय झालेला नसला तरी पिण्याचे पाणी प्रथम घरास, ही गोष्ट वादाची नव्हे. वान धरणावरून जळगाव-जामोद व संग्रामपूर भागासाठी १४० गावांची योजना आखावी लागली, यावरून गरजेचे प्रमाण ध्यानात येते. पाच माणसांच्या पिण्या-रांधण्यास दरडोई ५ लिटर धरल्यास २४० दिवसांत ६,००० लिटर लागतात. पाऊस दोघांना पुरेसा आहे, पण तो साठविणारी झाकलेली टाकी बहुधा नसते. मत्स्य-परसबागेचा खरा खर्च पंपाचा किंवा नळ्यांचा नसून या टाकीचा आहे. ज्या घरी टाकी एकच आहे तेथे मासे पाळू नयेत, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

टाकी असल्यास उरलेली मांडणी अवघड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लहान प्रमाणावरील मार्गदर्शिकेप्रमाणे १००० लिटरमध्ये १० ते २० किलो मासे ठेवावे आणि पालेभाजीच्या दर चौरस मीटर वाफ्यामागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पडावे. म्हणजे १० किलो माशांना रोज १०० ते २०० ग्रॅम खाद्य घातल्यास दोन ते चार चौरस मीटर मेथी-पालक पोसला जातो. वाफ्यात काळ्या दगडाची धुतलेली गिट्टी भरावी. या पट्ट्यातील जमिनीत चुनखडीचे खडे फार. ते गिट्टीत मिसळले की पाणी अल्कधर्मी होते, लोह रोपास मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात, आणि सामू ७ वरून ८ वर गेल्यास अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दसपट होतो. खड्यावर लिंबू पिळून फेस येतो का पाहणे, एवढी परीक्षा पुरते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. अशा वेळी वीज जाऊन पंप थांबला तर मासे काही तासांतच दगावतात. म्हणून हवा सोडणारा लहान पंप व त्यास बॅटरी असावी, आणि चैत्रापूर्वी माशांची संख्या निम्म्यावर आणावी. शेगाव जवळ असल्याने या भागात माळकरी घरे पुष्कळ आहेत. त्यांना मासा खावा लागतो असे नाही. विहिरीत सोडलेल्या माशाप्रमाणे शोभेचे मासेही हेच काम करतात.

आरंभ सप्टेंबरच्या अखेरच्या पावसात हौद भरून करावा. जीवाणूंची वस्ती गिट्टीवर बसण्यास २५ ते ४० दिवस लागतात; तोवर मासे थोडे व खाद्य बेताचे ठेवावे. दिवाळीच्या सुमारास पहिली मेथी खुडता येते. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, की हौदातील निम्मे पाणी वखरलेल्या शेतात सोडावे आणि हौद पुन्हा पन्हाळीच्या पाण्याने भरावा. वर्षभरात साचलेल्या क्षाराचा निम्मा भाग त्याच दिवशी बाहेर पडतो, आणि पुढच्या पावसांत शेतावरूनही वाहून जातो.