कोठाराच्या दारातले कुंड

यवतमाळहून अमरावतीकडे निघाले की वाटेत नेर लागते, जुन्या माणसांच्या तोंडी नेर परसोपंत. इकडे पावसाला पाणी म्हणतात, आणि तेही पुल्लिंगी : ‘पाणी आला’. तो किती आला हे वावरात कळते. मूठभर माती दाबून गोळा वळतो का पाहायचे, ओल वीतभर खाली गेली का ते उकरून बघायचे, मग तिफण जुंपायची. तालुक्याच्या कचेरीत मात्र त्याच पाण्याची नोंद मिलिमीटरमध्ये होते. पाऊस भांड्यात धरून मोजायचा ही युक्ती शेतकऱ्याची नव्हे, हे या भांड्याचे कूळ शोधू लागलो की पहिल्याच पायरीवर दिसते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे भांडे आहे. अरत्नीभर तोंडाचे कुंड, म्हणजे 24 अंगुले रुंद, कोष्ठागारात ठेवावे आणि त्यातून पाऊस मोजावा असे तिथे सांगितले आहे. काम सोपवले आहे सन्निधात्याकडे, राजाच्या भांडारप्रमुखाकडे. जोशाचा इथे संबंध नाही. पुढे सीताध्यक्षाच्या, म्हणजे सरकारी शेतीच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात मुलखांचे आकडे येतात. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशात 16 द्रोण, पाणथळ आनूपात त्याच्या दीडपट, अवंतीत 23, गोदाकाठच्या अश्मकात जांगलाहूनही कमी. अपरान्ताला, म्हणजे कोकणाला, ‘अमित’. तिथल्या पावसापुढे त्या काळच्या हिशेबनिसानेही हात टेकलेले दिसतात. विदर्भाचे नाव यादीत नाही. नेरच्या माणसाने जवळचा म्हणून अश्मकाकडेच पाहायचे.

द्रोण हे मुळात धान्याचे माप. चार आढकांचा एक द्रोण. ज्या मापाने कोठारात जोंधळा मोजायचा त्याच मापाने आभाळातले पाणी मोजायचे, यात मला तरी फार मोठी अक्कल दिसते. पाऊस किती, यावरून पीक किती आणि मग राजभाग किती, हा हिशेब एकाच मापात बसतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हेच भांडे हातभर रुंदीचे सांगितले, 50 पलांचा आढक ठरवला आणि कोणत्या नक्षत्रावर किती द्रोण याची यादी जोडली. भांडाराचे माप तिथे ज्योतिषात शिरले. मोजणे मागे पडले आणि वर्तवणे उरले. गुढीपाडव्याला वाचल्या जाणाऱ्या संवत्सरफळात पाऊस अजून आढकांत सांगतात आणि समुद्र, डोंगर, जमीन अशी त्याची वाटणीही करून देतात. ते आढक कुणी मोजून पाहत नाही. मृगाचे वाहन बेडूक की गाढव हेही नक्षत्रे मोजून, नऊने भागून, उरलेल्या बाकीवरून ठरते. त्यात पाण्याचा थेंब नाही.

बाकीची जुनी यंत्रे आभाळाकडे किंवा काळाकडे वळलेली. भास्कराचार्यांच्या यंत्राध्यायात शंकू, यष्टी, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक अशी नावे आहेत. बहुतेक नावे वस्तूच्या घडणीवरून, काठी ती यष्टी आणि फळी ती फलक. यांतली घटी तेवढी घरोघर पोहोचली. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली की 24 मिनिटांत बुडते, आणि लग्नाचा मुहूर्त साधायला जोशीबुवा तीच लावत. हवेचा दाब किंवा उष्णता मोजणारे यंत्र या यादीत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी यंत्रे आली तेव्हा मराठीने नावे पाडली ती कामावरून : उष्णतामापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक. केरूनाना छत्र्यांसारख्या माणसांनी कुलाब्याच्या वेधशाळेत तरुणपणी ही उपकरणे हाताळली होती.

वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यांच्या अमलात पाऊस कचेरीत इंच आणि सेंटमध्ये लिहिला जाऊ लागला. इंचाचा शंभरावा भाग तो सेंट. 1956 च्या वजन-मापाच्या कायद्यानंतर मिलिमीटर आले. रूढ झाले ते सायमन्सचे पर्जन्यमापक, पाच इंच तोंडाचे नरसाळे आणि खाली बाटली. गंमत अशी की जॉर्ज सायमन्सने इंग्लंडात 1860 पासून जी जाळी विणली ती हौशी, स्वयंसेवक माणसांची होती. आपल्याकडे त्याच नरसाळ्याला जागा मिळाली ती महसूल खात्याच्या अंगणात. कोरियातही 1440 च्या दशकात राजा सेजोंगने जिल्ह्याजिल्ह्यांत पर्जन्यमापके धाडली आणि आकडे दरबारी मागवले. सरकारला पावसाची गोडी लागते ती सहसा साऱ्याच्या वाटेने.

आता सारा नगण्य झाला आणि हिशेब उलटा फिरला. राजभाग किती घ्यायचा यापेक्षा भरपाई किती द्यायची, हे भांडे सांगते. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मंडळात पंधरा-वीस गावे आणि यंत्र एक. हल्ली ते स्वयंचलित असते, पण जागा बदलत नाही. यंत्र असलेल्या गावात 40 भरले आणि दोन कोसांवर पाण्याने धुरे फोडले, असे होतेच. पावसाळी ढग मंडळाची हद्द पाळत नाही. कुणी धुऱ्यावर सरळ काठाचा डबा ठेवून पट्टीने पाणी मोजले, तर आकडा बऱ्यापैकी बरोबर येईल. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लीटर, एवढेच गणित आहे. पण अतिवृष्टी ठरवताना तो डबा कुणी विचारात घेत नाही. धरला जातो तो मंडळातल्या यंत्राचाच आकडा.