चंद्र कोसळायला तीन दिवस : फँटसी गेम्समधल्या घड्याळाची गोष्ट



आपल्याकडे एक वाक्प्रचार आहे, ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’. त्यामागची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. त्या दिवसाचं युद्ध आपण श्वास रोखून ऐकतो, कारण सूर्य कुणासाठी थांबत नाही हे आपल्याला माहीत असतं. आता अशी कल्पना करा, की अर्जुन वाटेत रथ सोडून चार दिवस मासे पकडत बसला आणि सूर्य क्षितिजावर त्याची वाट बघत उभा राहिला. तलवारी, जादू आणि राक्षसांच्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम्समध्ये अनेकदा नेमकं हेच होतं. गोष्ट म्हणते, घाई कर. जग म्हणतं, सावकाश ये. हे असं का झालं, आणि ज्यांनी खरोखर चालणारं घड्याळ लावून पाहिलं त्यांच्या हाती काय लागलं, ते आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात करू या टेबलापासून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ. त्यात भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या ‘टर्न’मध्ये मोजायचा. एक मशाल सहा टर्न, म्हणजे तासभर जळायची. फार रेंगाळलात तर फासा टाकला जायचा आणि एखादा भटका राक्षस अंगावर यायचा. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये तर गायगॅक्स यांनी वेळेची काटेकोर नोंद ठेवण्यावर मोठाच भर दिला. म्हणजे वेळ हा शिध्यासारखा होता. पिशवीत मोजून घ्यायचा, जपून खर्च करायचा. १९८० च्या ‘रोग’ या संगणकावरच्या गेममध्येही तेच. पावलागणिक भूक वाढते, आणि अन्न सापडलं नाही तर खेळ संपतो. कुणाचं राज्य बुडतंय म्हणून घाई नव्हती. घाई पोटाची होती.

पुढे संगणकावरची जगं मोठी होत गेली आणि इथेच पेच पडला. खेळाडूला भटकायचं असतं. प्रत्येक गाव, प्रत्येक गुहा, प्रत्येक म्हातारीचं हरवलेलं मांजर त्याला हवं असतं. आणि कथा लिहिणाऱ्याला हवा असतो जगाचा अंत, कारण त्याशिवाय नायकाला नायकपण येत नाही. एकाला निवांत वेळ हवा, दुसऱ्याला घाई. दोन्ही एकाच गेममध्ये कसं बसवायचं?

१९९७ साली दोन गेम्सनी दोन टोकाची उत्तरं दिली. ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये आकाशात प्रचंड उल्का येऊन ठाकते. पण आपण खाली चोकोबो नावाच्या पक्ष्यांची पैदास करत, त्यांच्या शर्यती लावत हवा तेवढा काळ घालवू शकतो. उल्का तिथल्या तिथे. दुसरा गेम ‘फॉलआउट’. हा तलवारी-जादूचा नाही, अणुयुद्धानंतरच्या जगाचा आहे, पण घराणं तेच. जमिनीखालच्या वस्तीतलं पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलीय आणि आपल्याला १५० दिवस दिलेत. ते संपले की वस्ती मेली, खेळ संपला. पैसे देऊन वस्तीकडे पाण्याचे तांडे पाठवता येतात, त्याने १०० दिवस वाढून मिळतात. पण त्या तांड्यांमुळे वस्तीचा ठावठिकाणा फुटतो आणि शत्रू लवकर पोचतो. म्हणजे वेळ उसना मिळतो, व्याज पुढे भरावं लागतं. यामागे आणखी एक, ५०० दिवसांची मर्यादाही होती. ती नंतरच्या दुरुस्तीत जवळपास काढूनच टाकली. चिपची मर्यादा मात्र राहिली. फरक बघा. चिपचे दिवस खेळाडूला पहिल्या प्रसंगातच सांगितलेले होते आणि त्यांमागची तहानलेली माणसं त्याची स्वतःची होती.

मग येतो २००० सालचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा : मजोराज मास्क’. काटेकोर बोलायचं तर हा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर, पण फँटसीतल्या घड्याळाची गोष्ट याच्याशिवाय पुरी होत नाही. क्लॉक टाउन नावाच्या गावावर चंद्र कोसळणार आहे. तीन दिवस, ७२ तास. खऱ्या घड्याळात साधारण ५४ मिनिटं. एक धून वाजवली की आपण पुन्हा पहिल्या सकाळी. मुखवटे आणि शिकलेली गाणी सोबत राहतात. बाण, बॉम्ब, बँकेत न ठेवलेले पैसे जातात. आणि ज्यांना मदत केली ते सगळे आपल्याला विसरतात.

गंमत अशी, की हा गेम बनवणाऱ्यांच्या मानेवरही घड्याळ होतं. एजी आओनुमा यांना साधारण वर्षभरात गेम उभा करायचा होता. योशिआकी कोइझुमी यांनी ठरावीक काळ पुन्हा पुन्हा जगण्याची कल्पना आणली. आधी एक आठवडा ठरला होता, तो आटून तीन दिवस झाले. जग लहान ठेवायचं आणि त्यातल्या माणसांना वेळापत्रक द्यायचं, अशी ती युक्ती.

त्या वेळापत्रकात खरी गोष्ट दडलीय. पहिल्या मध्यरात्री साकॉन नावाचा चोर बॉम्बच्या दुकानातल्या म्हातारीची पिशवी लुबाडतो. आपण त्याला अडवू शकतो. पण अडवलं, तर आंजू आणि काफेई या ताटातूट झालेल्या जोडप्याची भेट त्या फेरीत होत नाही, कारण ती भेट घडवायला साकॉनच्या मागावर जावं लागतं आणि अडवलेला साकॉन मग आपल्या अड्ड्यावर फिरकतच नाही. म्हातारीला वाचवा किंवा त्या दोघांना भेटवा. आणि भेटवलं तरी ती दोघं एकत्र येतात ती चंद्र कोसळायला थोडासाच अवकाश उरलेला असताना. नंतर आपण धून वाजवतो आणि ती भेट पुसली जाते. हे दुःख कुठल्याही संवादातून सांगता आलं नसतं. ते घड्याळानेच सांगितलं.

दोन वर्षांनी, २००२ मध्ये, कॅपकॉमच्या ‘ब्रेथ ऑफ फायर : ड्रॅगन क्वार्टर’ने वेगळी वाट धरली. तिथे पडद्यावर एक टक्केवारी असते. चालताना ती किंचित वाढते, पण नायकाने ड्रॅगनचं बळ वापरलं की भराभर चढते. शंभर झाले की तो संपला. बळ आहे, वापरा. आयुष्यातून वजा होईल. कितीतरी खेळाडूंना हे जाचक वाटलं. तेही समजण्यासारखं आहे, कारण चुकीचा हिशेब फार उशिरा कळतो.

आता थेट २०२३ मध्ये येऊ. ‘बाल्डर्स गेट थ्री’च्या आरंभी नायकाच्या डोक्यात एक अळी शिरते. काही दिवसांत तुझा राक्षस होणार, उपाय शोध, असं त्याला बजावलं जातं. प्रत्यक्षात कितीही मुक्काम केले तरी तो राक्षस होत नाही. उलट सोबत्यांच्या मनातल्या कितीतरी गोष्टी रात्रीच्या मुक्कामातच उलगडतात. म्हणजे ज्याने कथेवर विश्वास ठेवला आणि धावत सुटला, त्याच्याच वाट्याला कथा कमी आली. पण त्याच गेममध्ये एक जळती सराय आहे. आत माणसं अडकलेली. तिथे पोचून मदत न करता मुक्कामाला गेलात, तर ती माणसं राहत नाहीत. इथे घड्याळ खरं आहे, छोटं आहे, आणि ज्वाळा समोर दिसतायत.

आम्हाला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रश्न घड्याळ असावं की नसावं एवढाच नाही. ‘वाचवा’ ही हाक दहा वेळा खोटी निघाली, की अकराव्या वेळी खेळाडू मान वर करून बघतसुद्धा नाही. मग कथाकाराने जगाचा अंत आणला काय, नि गावाची जत्रा आणली काय, सारखंच. उलट न सांगता लावलेलं घड्याळ फसवणूक वाटतं. सांगून लावलं, आणि काय गमवायचं हे निवडायची मुभा दिली, तर तेच घड्याळ कथा सांगायला लागतं.

आपल्यापैकी जे हे गेम्स खेळतात, त्यांनी पुढच्या वेळी एवढं करून पाहावं. कुणी घाईने बोलावलं, की क्षणभर थांबून बघा, सूर्य हलतोय का. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ या.