खिशातली वही आणि पेढीवरची वही
नोंदी ठेवण्याचे साधन स्वतंत्र असावे की इतर कामांच्या साधनातच ते सामावून जावे, हा प्रश्न डिजिटल डायरी आणि स्मार्टफोन यांच्या निमित्ताने पुढे आला असला, तरी खानदेशात तो कागदाच्या काळापासून दिसतो. धुळ्यात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन करणाऱ्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी ठिकठिकाणच्या रामदासी मठांतून मिळवलेली हस्तलिखिते तेथील समर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली असून, त्यांत पोथ्यांच्या जोडीने बाडेही आहेत. पोथीची पाने सुटी असतात. बाड म्हणजे मात्र शिवलेली, जवळ बाळगण्याजोगी टिपणवही. बाडात अभंगाशेजारी औषधाची कृती आणि आरतीखाली एखादा हिशेब येऊ शकतो, कारण बाळगणाऱ्याला ज्याची गरज ते सारे त्यात उतरते.

व्यापाऱ्यांची रीत नेमकी उलट होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) हिंदुस्थानी कापसाची मागणी वाढली, त्याच सुमारास लोहमार्ग खानदेशात पोहोचला आणि जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून वाढत गेले. खरेदीसाठी गावोगाव फिरणारा माणूस खिशातल्या वहीत कच्ची नोंद करी आणि पेढीवर परतल्यावर ती रोजमेळात, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाच्या वहीत, चढवली जाई. तेथून खतावणीत, म्हणजे प्रत्येक आसामीच्या स्वतंत्र खात्यात, तिची वाटणी होई. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीला छापील रेघा नसत. पानाला घड्या घालून ‘सळ’ पाडत आणि त्या सळांच्या आधाराने जमा व नावे यांचे रकाने धरत. कच्ची नोंद पक्क्या वहीत उतरवताना रक्कम दुसऱ्यांदा वाचली जाई, आकडा खटकला तर त्याच दिवशी विचारणा होई आणि उतरवलेल्या नोंदीवर काट मारली जाई. दोन वह्यांमुळे श्रम दुप्पट होत, हे खरे. पण त्या दुप्पट श्रमातच हिशेबाची राखण होती.

कायद्यानेही हा भेद मानला. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ नुसार धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या पुराव्यात घेता येत, मात्र केवळ त्यांच्या आधारे कोणावर देणे लादता येत नसे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाला प्रकरणात सुट्या कागदांना वही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने याच कलमात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबांचा समावेश केला.

या दोन वर्षांच्या आगेमागे बाजारात असलेली डिजिटल डायरी ही खरे तर खिशातल्या वहीचीच वारसदार होती. कॅसिओसारख्या कंपन्यांच्या या तळहाताएवढ्या यंत्रात फोन क्रमांक, भेटींच्या वेळा व टिपणे साठवता येत आणि परवलीचा शब्द घालून ती झाकून ठेवता येत; परंतु कळा रोमन लिपीच्या होत्या. खानदेशात एकाच गावात पाटील, चौधरी, महाजन आडनावाची कितीतरी घरे. वहीत नावापुढे ‘मळ्यातले’ किंवा ‘वरच्या आळीचे’ असे लिहून माणूस ओळखता येई, ते रोमन अक्षरांत बसवणे जिकिरीचे होते. शिवाय मुख्य आणि राखीव असे दोन्ही बटनसेल संपले की सारी नोंद पुसली जाई, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठा दोष नाही. १९९६ मध्ये आलेला पाम पायलट लेखणीने लिहून घेई व संगणकाशी नोंदी जुळवी, पण ज्या पेढीवर संगणकच नव्हता तिला त्या जुळवणीचा उपयोग नव्हता. भारतीय भाषांचा विचार करून बंगळुरात घडवलेला सिंप्युटर हा हातात मावणारा संगणक २००४ मध्ये विक्रीस आला, तोवर मोबाइल स्वस्त होऊ लागला होता.

स्मार्टफोनने लिपीची अडचण संपवली. आज रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीच्या बागेत वजन होताच काटापट्टीचे छायाचित्र काढता येते, भाव संदेशाने कळतो आणि २०१६ पासून यूपीआयने रक्कमही त्याच यंत्रातून देता येते. बाडाचे सर्वसमावेशक रूप अशा रीतीने परत आले आहे. बंद पडली आहे ती पेढीवर परतून नोंद पुन्हा वाचण्याची सवय, आणि फोनच्या सोयीपुढे ही हानी हलकी मानता येत नाही. छायाचित्रात चुकीचे वजनही बरोबर वजनाइतकेच स्पष्ट उमटते. ते कोणीतरी मोठ्याने वाचून लिहिल्याशिवाय चूक उघड होत नाही.

लक्ष्मीपूजनाला मात्र संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांतही नवी कोरी वही आणली जाते, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढून ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितात, आणि हळद-कुंकू वाहताना ती पाटावर संगणकाच्या शेजारी मांडलेली असते.