रसिकाची मर्यादा

तमाशाचा व लावणीचा इतिहास आपल्याकडे पुष्कळांनीं लिहिला आहे. रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर या शाहिरांचीं चरित्रें, त्यांच्या रचना, त्यांचे आश्रयदाते यांविषयीं विपुल लेखन झालें. अलीकडे नाचणाऱ्या व गाणाऱ्या स्त्रियांकडेही अभ्यासकांचें लक्ष गेलें आहे. परंतु रंगमंचासमोर बसणारा जो माणूस, ज्याच्या पैशावर हा सारा व्यवहार चाले, त्याचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाहीं. त्यानें पैसा कसा दिला, नजर कशी ठेविली, नकार मिळाल्यावर तो कसा वागला, हे प्रश्न क्षुल्लक म्हणून बाजूस पडले. आज ते क्षुल्लक राहिलेले नाहींत. शृंगार दाखवून उपजीविका करणाऱ्या स्त्रीला पाहावयास आतां लालबागच्या थिएटरापर्यंत जावें लागत नाहीं; ती आपल्या घरांतील तरुणाच्या खिशांत, मोबाइलच्या पडद्यावर आहे. तिच्याशीं कसें वागावें हें त्याला शाळेंत कोणीं शिकविलेलें नाहीं, आणि घरांत तर हा विषयच निघत नाहीं. म्हणून त्या जुन्या प्रेक्षकाकडे थोडें वळून पाहण्याचें योजिलें आहे.

उत्तर पेशवाईंत लावणीचा प्रेक्षक मोजका व ओळखीचा असे. सरदाराच्या वाड्यांत फड उभा राही, बिदागी धन्याच्या हातून येई, आणि बसलेल्या मंडळींनीं कसें वागावें हें धन्याच्या भुवईवरून ठरे. ही मर्यादा स्त्रीच्या मानाखातर नव्हती, यजमानाच्या दराऱ्याखातर होती. त्याचा स्वतःचा तिजवरील हक्क गृहीतच धरलेला असे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि तो आश्रय नाहींसा झाला. पुढें १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडाच्या पहिल्या गिरणीचा पाया घातला, आणि त्यानंतरच्या अर्ध्या शतकांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा टापू गिरण्यांच्या धुराड्यांनीं भरून गेला. घाटावरून व कोंकणांतून हजारों पुरुष आले. बायकामुलें गांवीं, जेवण खानावळींत, आणि झोंप चाळीच्या एका खोलींत पाळीपाळीनें. या माणसाला तमाशानें त्याची भाषा, त्याचा विनोद व गांवची आठवण एकाच रात्रींत परत दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लालबागचें न्यू हनुमान थिएटर हें तर मुंबईंतील तमाशाचें माहेरघरच झालें. तेथें येणाऱ्या कामगाराला केवळ विषयलंपट ठरविणें हें अन्यायाचें होईल. तो रसिकही होता, ढोलकीचा एक चुकलेला ठेका त्याच्या कानांतून सुटत नसे.

परंतु या खुल्या थिएटरांत वाड्यांतला धनी नव्हता, आणि त्याच्या जागीं दुसरी कोणतीही मर्यादा नीट बसलेली नव्हती. याची खूण म्हणजे दौलतजादा. प्रेक्षक खूष झाला म्हणजे तो पैसे पुढें करी. नाचणारी पुढें येऊन ते घेई. देणाऱ्याचें नांव व त्याची फर्माईस सर्वांस ऐकूं जाईल अशी पुकारली जाई, आणि मग त्याच्या पसंतीची लावणी सुरू होई. गरीब कलावतीच्या मिळकतींत या पैशाचा मोठा वाटा असे, म्हणून तो नाकारणें तिला परवडणारें नव्हतें. मेख होती ती येथेंच. तिकिटाचा पैसा खिडकीवर पडे, दौलतजादा मात्र तिच्या हातांत पडे; आणि त्या देण्याघेण्यांत बोटें धरून ठेवण्याला, नोट नाचवीत तिला पायरीखालीं बोलावण्याला निमित्त मिळे. दिलेल्या पैशांत आपण लावणी विकत घेतली कीं लावणी म्हणणारी, याचा निवाडा पैसे देणारा स्वतःच करी. स्त्रीनेंही यावर आपले उपाय शोधून काढले होते. संगीतबारींत फडाची मालकीण बहुधा स्त्रीच असे व तिचा डोळा सर्वत्र फिरत असे. हजरजबाबी नायकीण एका वाक्यांत आगाऊ माणसाला सगळ्या थिएटरचें हंसें करी. पण तिच्या उत्तराच्या धारेवर तिची सुरक्षितता अवलंबून असावी, हें कोणत्याही व्यवसायाला भूषण नव्हे.

हा सैलपणा केवळ पैशाचा नव्हता, जातीचाही होता. फडांतील स्त्रिया बहुशः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आलेल्या असत, आणि प्रेक्षकांतील पुष्कळांना त्यांच्या अंगावर आपला वहिवाटीचा हक्क आहे असें वाटे. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनीं ब्राह्मण्य सोडून फड उभारला ही कथा महाराष्ट्र कौतुकानें सांगतो. ज्या पवळाबाई हिवरगांवकर यांच्यामुळें त्या फडाला गर्दी लोटे, त्यांनीं काय सोसलें हें मात्र आपण विचारीत नाहीं. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमाराचा, म्हणजे १९२७ च्या आसपासचा, एक प्रसंग सांगितला जातो. बापूरावांनीं तमाशाच्या उत्पन्नांतून देणगी देऊं केली, तेव्हां महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा आपणांस नको, असें म्हणून डॉ. आंबेडकरांनीं ती परत केली. या नकारावर अभ्यासकांत वाद आहेत. त्या स्त्रियांचे श्रम व कला यांचें काय, असा प्रश्न त्यांतून निघतो, आणि तो रास्त आहे. तरीही नोट कोणाच्या हातून कोणाच्या हातीं व कोणत्या अटीवर जाते, हें विचारल्यावांचून कलेची चर्चा पुरी होत नाहीं, इतकें त्यावरून दिसतें.

आतां गिरणगांवांतून गिरगांवाकडे वळूं. कोटी निराळी आहे; येथें शृंगाराचा बाजार नसून रागदारी गाणें आहे. पण गाणाऱ्या स्त्रियांपैकीं अनेकींचा जन्म गोव्याच्या कलावंत समाजांतला, आणि अमुक घरची बाई गाते म्हणजे ती मिळण्याजोगी आहे, हा श्रोत्याचा समज त्यांनाही जन्मभर पुरून उरे. या समजाला केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांनीं दिलेलें उत्तर विचार करण्याजोगें आहे. अल्लादियाखांसाहेबांची तालीम त्यांनीं वर्षानुवर्षें घेतली, आणि मग आपल्या मैफलीच्या अटी स्वतः ठरविल्या. ध्वनिमुद्रणाविषयींचा व आकाशवाणीविषयींचा त्यांचा नकार सर्वश्रुत आहे. पुष्कळांनीं त्याला ताठा म्हटलें. पण नीट पाहिलें तर त्यांत एक तत्त्व होतें: मीं गायिलें तें या लोकांसाठीं, या रात्रीं, या बिदागींत गायिलें, त्याची नक्कल करून ती वाटेल त्याच्या घरीं नेण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला मिळत नाहीं. १९७७ सालीं अवकाशांत धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडींत त्यांचें गाणें गेलें, तेव्हां त्या नकाराची किंमत आणखीच कळते. दौलतजादानें स्पर्शाचा प्रश्न उभा केला होता. केसरबाईंच्या नकारानें नकलेचा प्रश्न मांडला. आजच्या पडद्यावर हे दोन्ही प्रश्न एकत्र आले आहेत.

पण तेथें येण्यापूर्वीं समाजानें मधल्या काळांत काय केलें तें पाहिलें पाहिजे. उत्तर एका शब्दांत देतां येतें: बंदी. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारनें अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढें लेखी संहिता तपासून खेळांस परवानगी देण्याची पद्धत आली. तपासली गेली ती स्त्रीच्या तोंडची लावणी. पिटांतल्या माणसाची वागणूक कोणीं तपासली नाहीं. आपलें कथावाङ्मय व चित्रपट यांनींही हीच दृष्टि चालविली. परळला राजकमल कलामंदिर उभारणाऱ्या व्ही. शांताराम यांचा १९७२ चा ‘पिंजरा’ आठवावा: सज्जन गुरुजी नाचणारीच्या मोहानें धुळीस मिळतात. कथा प्रभावी आहे, मूळ जर्मन चित्रपटावरून घेतलेली आहे. पण प्रेक्षकानें नाचणारीचें आयुष्य धुळीस मिळविल्याच्या गोष्टी गांवोगांवीं घडत असतां, त्यांवर इतका गाजलेला चित्रपट निघाला नाहीं.

१९८२ च्या संपानंतर गिरणगांव मोडला, आणि रात्रीच्या करमणुकीची जागा डान्सबारनें घेतली. नोटांची उधळण हा दौलतजादाचाच नवा, बेफाम अवतार. २००५ सालीं महाराष्ट्र शासनानें पोलीस कायद्यांत दुरुस्ती करून हे बार बंद केले. मोठ्या तारांकित हॉटेलांना मात्र वगळलें. सुमारें ७५,००० स्त्रियांची रोजी गेली असा अंदाज न्यायालयांत मांडला गेला. जो नाच गरिबाच्या बारमध्यें अश्लील तो श्रीमंताच्या हॉटेलांत अश्लील कसा नाहीं, हा भेद न टिकून २००६ सालीं उच्च न्यायालयानें बंदी रद्द केली, व १६ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. शासनानें पुन्हां नवे कायदे केले आणि वाद चालूच राहिला. अखेर १७ जानेवारी २०१९ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें जो विवेक केला, तो आमच्या मतें या दोनशें वर्षांच्या इतिहासांतील महत्त्वाचा क्षण होय. नर्तकीस बक्षिसी देतां येईल, पण तिच्यावर नोटा किंवा नाणीं उधळतां येणार नाहींत. शिवाय बारच्या आंत कॅमेरे लावण्याची सक्ती खासगीपणाचा भंग करणारी म्हणून न्यायालयानें काढून टाकली. म्हणजे मेहनताना मान्य, अवमान अमान्य. आणि पाहणें मान्य असलें तरी नक्कल साठविण्याची सक्ती अमान्य. नियम प्रथमच प्रेक्षकाच्या हाताला लागू झाला.

दुर्दैवानें तोंवर प्रेक्षक बारमधून उठून गेला होता. आतां स्त्री, क्वचित् पुरुषही, आपल्या घरून कॅमेऱ्यासमोर बसते. मासिक वर्गणी भरणाऱ्यांस तिचीं चित्रें दिसतात. जास्त पैसे देणाऱ्यांशीं ती चार शब्द बोलते. येथें ना मालकीण आहे, ना शेजारी बसलेला दुसरा प्रेक्षक. देणाऱ्याला वाटतें कीं आपण एकटेच तिच्यासमोर आहों आणि ती आपल्याशींच बोलते आहे. वस्तुतः तें बोलणें हाही तिच्या कामाचा भाग आहे, जशी बैठकीच्या लावणींतील अदा. अदा खोटी नसते. पण ती आमंत्रणही नसते. हा भेद ज्याला कळला नाहीं, तो मग तिचें खरें नांव शोधतो, तिच्या गांवाचा माग काढतो, नकार आला कीं शिव्यांवर उतरतो, आणि वर्गणींत मिळालेलीं चित्रें मित्रमंडळींत फुकट वांटतो. २०२३ सालीं आपल्याच राज्यांत एका लोकप्रिय लावणीनर्तिकेचें कपडे बदलतांनाचें चोरून केलेलें चित्रण पसरविलें गेलें. पाहणाऱ्यांत रसिक म्हणविणारे किती होते, हें ज्यानें त्यानें मनाशीं विचारावें.

कायद्यानें येथें काय म्हटलें आहे तें सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक असावें. २०१३ सालीं दंडसंहितेंत आलेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्यें असलेली तरतूद सांगते कीं, स्त्रीनें आपलें खासगी चित्र संमतीनें काढूं दिलें असलें, तरी तिच्या संमतीवांचून तें तिसऱ्यास पोंचविणें हा गुन्हा आहे. पुढचेंच कलम ७८ पाठलागाचें. स्पष्ट अनिच्छा दाखविल्यावरही पुन्हां पुन्हां संपर्क साधणें त्यांत येतें. केसरबाईंनीं जें स्वाभिमानानें मागितलें, तें आतां कायदा देतो. मात्र एक विसंगति राहतेच: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ नें उघड लैंगिक चित्रण प्रसृत करणेंच गुन्हा ठरविलें आहे, म्हणून अशी स्त्री फसविली गेली तरी पोलिसांच्या दारांत जावयास कचरते. जुन्या फडांतील बाईही अशीच कचरत असे. हें ओळखून तिच्या भीतीचा फायदा घेणारा माणूस भित्रा म्हणावा कीं दुष्ट, हें ठरविणें अवघड आहे.

धोका एकाच बाजूचा आहे असेंही नव्हे. स्त्रीच्या नांवानें दुसराच कोणी बोलतो, चित्रफितींतून भेटीस बोलावतो, पाहणाऱ्याची फीत गुपचूप करून घेतो आणि नातेवाइकांस पाठविण्याची धमकी देऊन पैसे उकळतो. असे प्रकार आज घरोघरच्या तरुणांवर व वृद्धांवरही ओढवत आहेत. अशा वेळीं पैसे देणें म्हणजे दुसऱ्या मागणीस निमंत्रण. निरोप पुसूं नयेत, संपर्क तोडावा, घरांतील विश्वासाच्या माणसास सांगावें आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. स्वतःचें नांव, पत्ता, कामाचें ठिकाण हीं अनोळखी संभाषणांत देऊं नयेत. मनोरंजनासाठीं किती खर्च करावयाचा तें आधीं ठरवावें. आणि समोरची व्यक्ति अठरा वर्षांखालील असल्याचा संशय जरी आला, तरी तेथें क्षणभरही थांबूं नये. त्यांत रसिकतेचा प्रश्नच उरत नाहीं, तो लहान मुलावरील अत्याचार आहे.

असल्या गोष्टी पाहूंच नयेत, असें कित्येक वाचक म्हणतील. तें मत त्यांनीं आपल्या घरांत अवश्य मांडावें. पण केवळ निषेधानें काय साधतें तें वरील इतिहासानें दाखविलें आहे. प्रत्येक पिढीनें थिएटर बंद केलें, आणि प्रत्येक पिढीचा प्रेक्षक अशिक्षितच राहून दुसऱ्या थिएटरांत जाऊन बसला. वाड्यांत धन्याचा दरारा होता, लालबागेंत मालकिणीचा डोळा होता, बारमध्यें न्यायालयाचा नियम आला. मोबाइलच्या पडद्यापुढें यांपैकीं कोणीही नाहीं. तेथें पाहणारा आणि त्याचें शील एवढेंच उरतें. ठरलेलें मोल द्यावें, दाखविलें तेवढें पाहावें, नाहीं म्हटलें कीं थांबावें, आणि जें आपल्यासाठीं म्हणून दिलें तें आपल्यापाशींच ठेवावें. एवढ्या चार गोष्टी मुलाला सांगतांना बापाला थोडा संकोच वाटेल. पण तो संकोच बाळगून गप्प बसलेल्या बापांचा मुलगा उद्यां कोणाच्या तरी मुलीचें चित्र चार जणांना दाखवीत असेल, आणि त्या दिवशीं संकोचाचें मोल त्या मुलीला भरावें लागेल.