उद्यान कोणाचे?

न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या मध्यभागी ८४३ एकरांचे सेंट्रल पार्क पसरले आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स ह्यांच्या आराखड्याची निवड १८५८ साली झाली. श्रीमंत व गरीब ह्यांनी एकाच ठिकाणी विसावा घ्यावा, ही त्यामागील दृष्टी उदात्त होती. परंतु त्याच भूमीवर पूर्वी सेनेका व्हिलेज ही वस्ती होती, हे आपण विसरता कामा नये. तेथे बहुसंख्य कृष्णवर्णीय व काही आयरिश कुटुंबे राहत. तीन चर्चे होती, एक शाळा होती. सार्वजनिक हिताच्या नावाने १८५७ साली ती वस्ती उठविण्यात आली.

पुढे १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. माळी व पहारेकरी कमी झाले, हिरवळीची माती झाली, सायंकाळनंतर लोक तिकडे फिरकेनासे झाले. अशा वेळी १९८० साली एलिझाबेथ बार्लो रॉजर्स ह्यांच्या नेतृत्वाखाली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिने देणग्या मिळविल्या, स्वयंसेवक जमविले. उद्यानाचे ४९ विभाग पाडून प्रत्येकाची जबाबदारी एकेका माळ्याकडे सोपविली. १९९८ साली महापालिकेने तिच्याशी रीतसर करार केला. मालकी व धोरण शहराचे, दैनंदिन निगा संस्थेची, अशी ही वाटणी झाली. आज खर्चाचा बहुतांश भाग संस्थाच उभा करते.

हे कार्य निःसंशय स्तुत्य आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही आम्हांस दिसते. २०१२ साली एका धनिकाने ह्या एकाच उद्यानास १० कोटी डॉलर दिले. गरीब वस्त्यांतील उद्यानांना असे दाते लाभत नाहीत. श्रीमंत संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा अशा उद्यानांना द्यावा, ही सूचना २०१३ साली पुढे आली. पण तिचा कायदा झाला नाही. २०१५ साली काही मोठ्या संस्थांनी रोख व सेवेच्या रूपाने दीड कोटी डॉलरचे साहाय्य स्वेच्छेने देऊ केले.

विश्वस्ताने ठेव सांभाळावी. तिचा धनी होऊ नये. सेंट्रल पार्कमध्ये देणगीदारांची नावे बाकांवर लावलेली आढळतात. त्या बाकावर कोणीही वाटसरू निःसंकोच बसू शकतो, तोवर ते उद्यान सर्वांचे आहे. दूरच्या वस्तीतील बाक मोडका राहिला, तर त्याचा जाब मात्र आपण दात्याला नव्हे, नगरपित्यांनाच विचारला पाहिजे.