शववाहिका ते वर्गखोली : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि रुग्णवाहिकेचे शिक्षण

अमेरिकेसारख्या समृद्ध राष्ट्रात इ.स. १९६६ च्या सुमारास अपघातग्रस्त मनुष्यास रुग्णालयात नेण्यासाठी जे वाहन येई, ते निम्म्या ठिकाणी अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याचे असे, हे आज सांगितले तर सहसा कोणाचा विश्वास बसणार नाही. कारण अगदी साधे होते. माणसाला आडवे निजवून नेता येईल एवढे लांब वाहन गावात त्याच्याकडेच असे. रुग्ण वाचला तर एक भाडे, न वाचला तर दुसरे, अशी ही विलक्षण व्यवस्था होती आणि त्यात कोणास काही विपरीत वाटत नव्हते. उरलेल्या ठिकाणी पोलिसांची गाडी, अग्निशमन दल किंवा स्वयंसेवक येत. गाडीत बसलेल्या माणसास काय येते, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

हा प्रश्न प्रथम मोठ्याने विचारला तो त्या देशाच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने. सप्टेंबर १९६६ मध्ये अकादमी व तिच्या संशोधन परिषदेने अपघाती मृत्यू व अपंगत्व या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. अपघात हा आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग होय, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. एकट्या १९६५ साली अपघातांनी १ लाख ७ हजार माणसे दगावली, ४ लाख कायमची जायबंदी झाली. देशातील निम्मी रुग्णवाहिका सेवा सुमारे १२ हजार अंत्यविधी व्यावसायिक चालवीत होते, ही नोंदही त्याच अहवालातील. कोरिया व व्हिएतनामहून परतलेल्या तज्ज्ञांनी सांगितलेली गोष्ट तर अधिकच बोचरी होती. गंभीर जखमी झाल्यास शहराच्या रस्त्यापेक्षा रणभूमीवर जगण्याची शक्यता जास्त, असे त्यांचे मत होते. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी महामार्ग सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. रुग्णवाहिकेवरील माणसाच्या शिक्षणाचा भार आरोग्य खात्यावर न पडता पुढे परिवहन खात्यावर पडला, त्याचे मूळ या कायद्यात आहे.

परंतु कायदा झाला म्हणून शिक्षक निर्माण होत नाहीत. कसे शिकवावे आणि मुख्य म्हणजे कोणास शिकवावे, याचे उत्तर पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीने दिले. तेथे रुग्ण नेण्याचे काम पोलिसांच्या बंद गाडीतून होई. नोव्हेंबर १९६६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स हे एका प्रचारसभेत कोसळले, त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेण्यात आले आणि काही दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पीटर साफर हे व्हिएन्नात जन्मलेले भूलतज्ज्ञ. तोंडाने श्वास देऊन प्राण वाचविण्याच्या पद्धतीचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रगण्य आहे. त्याच वर्षी त्यांची स्वतःची बालवयातील कन्या दम्याच्या झटक्याने गेली होती. या दुःखानंतर त्यांनी रुग्णवाहिकेच्या कामात स्वतःला झोकून दिले.

मॉरिस फॉक वैद्यकीय निधीचे फिल हॅलन आणि वस्तीतील फ्रीडम हाऊस एंटरप्रायझेस ही संस्था यांच्याशी साफर यांनी १९६७ साली हातमिळवणी केली. वस्तीतीलच बेरोजगार तरुण निवडण्यात आले. त्यांत युद्धावरून परतलेले होते, शाळा अर्धवट सोडलेलेही होते. अशांना शरीररचना, शरीरक्रिया, हृदय व श्वास चालू ठेवण्याची क्रिया, शुश्रूषा आणि सुरक्षित वाहनचालन असा सुमारे ३०० तासांचा अभ्यासक्रम शिकविण्यात आला. ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे होते त्यांना तेही पूर्ण करण्याची सोय झाली. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष येथे त्यांना उभे करून प्रत्यक्ष दाखविण्यात आले. १९६८ मध्ये सेवा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी जवळजवळ ५,८०० हाकांना ही मुले धावून गेली. ज्यांना नोकरीस अयोग्य ठरविले होते, त्यांच्या हाती लोक आपला श्वास सोपवू लागले.

१९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टर फ्रीडम हाऊसच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः गाडीत बसून जात. पुढे पॅरामेडिकांसाठी त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वर्गांतून वापरले गेले. मात्र शहराने स्वतःची सेवा उभारली आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये फ्रीडम हाऊस बंद केले. तेथील माणसांना नव्या सेवेत घेण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात नव्या परीक्षा लावण्यात आल्या, अनुभवी माणसे दुय्यम कामांवर बसविण्यात आली, आणि अनेक जण बाहेर पडले. टिकून राहिलेल्या थोड्यांपैकी जॉन मून हे पुढे त्याच नगरसेवेत सहायक प्रमुखपदापर्यंत पोहोचले. हा इतिहास बराच काळ पाठ्यपुस्तकांत नव्हता. केव्हिन हॅझर्ड यांच्या २०२२ मधील पुस्तकाने तो सर्वसामान्य वाचकांपुढे आणला.

दरम्यान देशव्यापी अभ्यासक्रम तयार झाला होता. परिवहन खात्याने १९७१ च्या सुमारास इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, अर्थात ई.एम.टी., यासाठी ८१ तासांचा पाठ ठरविला. पिट्सबर्गच्या ३०० तासांपुढे हा आकडा तोकडा वाटतो. पण शववाहिकेच्या चालकाने पूर्वी शून्य तास घेतलेले असत, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने नारिंगी वेष्टनाचे पाठ्यपुस्तक काढले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नोंदणी मंडळाने १९७१ साली पहिली परीक्षा घेतली. तिला ५१ केंद्रांवर एकाच वेळी १,५२० जण बसले होते.

आता एवढे विद्यार्थी बसवायचे कोठे? विद्यापीठांना ८१ तासांच्या वर्गात रस नव्हता आणि रुग्णालयांना जागा नव्हती. येथे कम्युनिटी कॉलेज ही खास अमेरिकन संस्था उपयोगी पडली. १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे सुरू झालेली ही दोन वर्षांच्या महाविद्यालयांची कल्पना १९४७ च्या ट्रूमन आयोगानंतर फोफावली. १९६० च्या दशकात तर आठवड्याला सरासरी जवळजवळ एक अशी ४५७ महाविद्यालये उघडली. फी थोडी, प्रवेश सर्वांस खुला, वर्ग संध्याकाळी, आणि घरापासून मोटारीने जाण्याजोगे अंतर. पुष्कळ ठिकाणी परिचारिका शिक्षणाचा विभाग आधीच असल्याने खाटा, पुतळे, रक्तदाबमापके तयारच होती. १९७३ च्या आपत्कालीन वैद्यकीय सेवा कायद्याने केंद्राचा पैसा आला आणि १९७२ पासून दूरचित्रवाणीवर गाजलेल्या ‘इमर्जन्सी’ या मालिकेने विद्यार्थी आणले. १९८१ मध्ये हा स्वतंत्र निधी राज्यांना दिल्या जाणाऱ्या एकत्रित अनुदानात विलीन झाला. तोवर कॉलेजांतील वर्ग रुजलेले होते.

अशा वर्गाचे स्वरूप कोणत्याही नेहमीच्या महाविद्यालयीन वर्गाहून निराळे असते. आठवड्यातून दोन संध्याकाळ व एखादा शनिवार. बाकावर अठरा वर्षांचा तरुण आणि त्याच्या शेजारी पन्नाशीचा शेतकरी. एकास अग्निशमन दलात नोकरी हवी असते. दुसऱ्याच्या गावात रुग्णवाहिका स्वयंसेवकांवरच चालते, तो न आल्यास ती निघणारच नाही. शिकविणारा बहुधा दिवसा स्वतः रुग्णवाहिकेवर काम करणारा. त्याने रक्तदाब घ्यायला, मोडलेले हाड खपाटीने बांधायला, प्राणवायूचा मुखवटा लावायला शिकवायचे. आणि त्याहून अवघड म्हणजे घाबरलेल्या नातेवाइकाशी बोलायला. लक्षणे, ॲलर्जी, औषधे, पूर्वेतिहास, शेवटचे खाणे, घडलेली घटना ही माहिती विसरू नये म्हणून ‘सँपल’ हा इंग्रजी सहा अक्षरांचा शब्द पाठ करून घेतात. १९९१ मध्ये रक्तातून पसरणाऱ्या रोगांबाबत नियम आले. तेव्हापासून प्रात्यक्षिक परीक्षेत पुतळ्याजवळ जाण्यापूर्वी हातमोजे घातले, स्थळ सुरक्षित आहे, असे मोठ्याने म्हणावे लागते. बाकी सारे अचूक करून हे राहिले, तर विद्यार्थी नापास होऊ शकतो. विद्यार्थी या वाक्यांची थट्टा करतात, आणि ती कधीच विसरत नाहीत.

या शिक्षणाची खरी कसोटी मात्र शिकविलेले मोडून काढण्यात लागली. रक्तदाब घसरलेल्या जखमीस हवा भरलेली विजार चढवावी, असे वर्षानुवर्षे शिकविले गेले. १९८९ मधील ह्यूस्टनच्या अभ्यासाने तिचा लाभ नसल्याचे दाखविले आणि ती कपाटात गेली. टूर्निके, म्हणजे जखमेच्या वर हात-पाय आवळणारी पट्टी, ही अखेरचा उपाय म्हणून जवळजवळ निषिद्ध होती. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या अनुभवानंतर ती सन्मानाने परतली. २०१० मध्ये हृदयविकार संघटनेने आधी श्वास, मग छातीवर दाब हा क्रम उलटा केला. प्रत्येक अपघातग्रस्तास कडक फळीवर जखडण्याच्या सवयीवर २०१३ मध्ये तज्ज्ञ संघटनांनी मर्यादा घातली. ज्या शिक्षकाने एका पिढीस फळी न बांधल्याबद्दल गुण कापले, त्यालाच पुढच्या पिढीस ती उगीच बांधल्याबद्दल गुण कापावे लागले. प्रामाणिक शिक्षकास यात लाज वाटण्याचे कारण नव्हते, पण खुलासा करावा लागला.

तासही वाढत गेले. १९९४ च्या अभ्यासक्रमात ते किमान ११० झाले, २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १५० ते १९०. लेखी परीक्षा २००७ पासून संगणकावर आली. २०१३ पासून राष्ट्रीय नोंदणीसाठी पॅरामेडिकाने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच शिकले पाहिजे असे ठरले, त्यामुळे अनेक स्वतंत्र वर्गांनी महाविद्यालयांचा आश्रय घेतला. दर्जा वाढला, हे निर्विवाद. पण फी आणि तास वाढले की ज्यांच्यासाठी हे दार उघडले होते, तेच प्रथम उंबऱ्याबाहेर राहतात. शिवाय ई.एम.टी.चे वेतन कष्टांच्या मानाने अल्पच आहे, आणि ग्रामीण भागात स्वयंसेवक मिळणे दुरापास्त होत चालले आहे.

आपल्याकडे हैदराबाद येथे २००५ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. तिच्या पॅरामेडिकांच्या शिक्षणात पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने सहकार्य केले. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ही सेवा आली ती गाडीत डॉक्टर बसवून. तंत्रज्ञ घडविण्यावर भर देणारी अमेरिकन वाट येथे निराळी झाली.

२०२० साली कोरोनामुळे अमेरिकन विद्यार्थ्यांना रुग्णालयांची दारे बंद झाली. अनेक वर्ग पडद्यावर आणि पुतळ्यांवर चालले, तर नोंदणी मंडळाने प्रात्यक्षिक परीक्षेविना तात्पुरती प्रमाणपत्रे दिली. त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये तेथील मोठ्या रुग्णालय समूहाने वंचित वस्त्यांतील रहिवाशांसाठी ई.एम.टी.चा एक नवा वर्ग सुरू केला. त्याचे नाव ‘फ्रीडम हाऊस २.०’ असे ठेवण्यात आले.